मी केलेला नदीजोड

कृष्णा आणि गोदावरी यांची खोरी जोडायला मोठमोठ्या इंजिनिअरांना किती वर्षं लागतील, मला माहीत नाही. मी ते काम एका उन्हाळ्यात एकोणीस दिवसांत केलं. चुकून केलं, ही गोष्ट वेगळी.

माझं नाव महारुद्र. नाव ऐकून लोकांना वाटतं, माणूस धिप्पाड असेल. मला समोर बघितलं की त्यांची समजूत आपोआप दुरुस्त होते. भूमच्या पुढं डोंगराच्या अंगाला उंबरखोरी नावाचं आमचं गाव आहे. तिथं माझी सात एकर जमीन आहे, त्यातली चार एकर नुसती बघायला बरी. शिवाय मी गावच्या पाणलोट समितीचा सचिव आहे. निवड गुणवत्तेवरच झाली. पहिल्या बैठकीला वही आणि चालू पेन घेऊन गेलेला मी एकटाच होतो.

आमच्या गावाच्या वर बालाघाटाचा डोंगर आणि डोंगरात एक खिंड आहे. खिंडीच्या अलीकडं पडलेला पाऊस आमच्या कुरणी नदीत येतो. कुरणी सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. खिंडीच्या पलीकडं पडलेला पाऊस मात्र सावरदऱ्याच्या ओढ्यातून मांजरेकडं आणि शेवटी गोदावरीत जातो. हे सावरदरा म्हणजे माझी सासुरवाडी. लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी एकच चौकशी केली होती, त्या गावाला पाणी आहे का? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग पोरगी हितं सुखानं नांदंल."

कुरणीला नदी म्हणायची पद्धत आहे म्हणून आम्ही नदी म्हणतो. डोंगरावरून उतरताना ती चार महिने धडधडते, दिवाळीनंतर तिचा आवाज बसतो आणि होळीला ती गप्प होते. पण आमची गावविहीर तिच्याच पात्रात आहे. कुरणी जितके दिवस जास्त वाहील, तितके दिवस गावात टँकर येत नाही. म्हणून डोंगरावर आडवे चर खणून पाणी मुरवायचं ठरलं आणि चराची रेघ आखायचं काम सचिवाकडं, म्हणजे माझ्याकडं आलं.

त्यासाठी तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. दोन काठ्या आणि त्यांच्यामध्ये पाण्यानं भरलेली एक पारदर्शक नळी, एवढंच ते यंत्र. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्या आकड्यावर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. मग तिथं चुन्याची फक्की टाकायची आणि पुढं सरकायचं. पहिल्या दिवशीचा पहिलाच धडा होता, नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. तो धडा चालू असताना मी बाहेर चहा पीत होतो. प्रमाणपत्र मात्र मला पूर्ण मिळालं, फोटोसकट.

गावात परतलो तेव्हा माझ्या डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी आणि बोलण्यात "माथा ते पायथा" आलं होतं. बायको अयोध्या म्हणाली, "तीन दिसात येवढं शिकून आलाव? बारावीला तीन वर्सं लागली व्हती." मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. ज्ञानी माणसाला घरात किंमत नसते, हे मला प्रशिक्षणाआधीच ठाऊक होतं.

ज्या दिवशी आम्ही रेघ आखत होतो, त्या दिवशी डोंगरावर गजराकाकू मेंढरं चारत होत्या. काकूंचं वय सत्तरीकडं झुकलेलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी लांब दिलेली. घरात त्या एकट्या आणि दारात पंचेचाळीस मेंढरं. कळपाच्या पुढं नवाब नावाचा एक बोकड चालायचा. दाढीवाला, तांबडा, गळ्यात पितळी घंटी. तो जिकडं जाईल तिकडं मेंढरं. रोज सकाळी साडेपाचला ही घंटी माझ्या खिडकीखालून वाजत जायची आणि रोज माझी झोप मोडायची. याबद्दल मी काकूंना दोनदा समज दिली होती. त्यांनी नवाबाला दिली की नाही, माहीत नाही.

काकू काठीवर हनुवटी टेकून माझी फक्की बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "महारुद्रा, ही खाली उतरायली की रे."

"काय उतरायलंय?"

"तुजी रेघ. मपल्या मेंढरांची वाट बघ. ती सपाट हाय. तिकडं तुजी फक्की वाटंच्या वर व्हती, हितं वाटंच्या खाली आली."

डोंगराच्या अंगावर मेंढरांनी वर्षानुवर्षं चालून पाडलेली एक बारीक वाट होती, हे खरं. पण मी प्रमाणपत्रधारक. मी नळी उंच धरून म्हणालो, "काकू, हे शास्त्र हाय. तुमची मेंढरं काय पातळी बघून चालतेत व्हय?"

"चरताना मेंढरू चढत न्हाय आन् उतरत न्हाय. आडवंच जातंय. नवाब तर बोटभर चढत न्हाय."

"आन् पाणी कधी खोटं बोलतंय का?"

"पानी न्हाय बोलत," काकू म्हणाल्या. "नळीचं मला ठावं न्हाय."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. त्या वेळी नळीच्या मधोमध वाटाण्यापेक्षा मोठा बुडबुडा निवांत बसला होता. तो मी पाहिला होता. मला वाटलं, असतो तसा.

चर खणला, सहाशे मीटर. खरं तर चर मध्ये मध्ये तोडायचा असतो, म्हणजे पाणी जागच्या जागी थांबतं. पण ड्रोननं फोटो काढायचा होता आणि तुटक चर वरून चांगला दिसला नसता. म्हणून मी तो सलग खणायला लावला. फोटो सुंदर आला. चराचं शेवटचं टोक अलगद खिंडीला जाऊन टेकलेलं त्यात स्पष्ट दिसतं. तो फोटो मी स्वतः फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावला आहे. आजही तो तिथंच आहे, आणि गाव मला तो काढू देत नाही.

जुलैत दोनदा चांगला पाऊस झाला. आम्ही नारळ घेऊन चर बघायला गेलो तर चर कोरडा. कुरणीलाही नेहमीच्या निम्मं पाणी. जिथं मेंढरांची वाट चराला ओलांडत होती, तिथं मातीचा बांध हातभर ढासळला होता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंच श्रीमंत यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सचिव, एवढं गाव राबलं. पाणी कुठं गेलं?"

माझी जीभ उत्तराची वाट बघत नाही. उचलली आणि लावली टाळ्याला. "मेंढरांनी बांध फोडलाय," मी म्हणालो. "जोवर डोंगरावर मेंढरं हायत, तोवर चरात थेंब थांबायचा न्हाई."

लोकांना कारण हवं होतं, ते मिळालं. पोळ्यापासून डोंगरावर मेंढरांना चराईबंदी, असा ठराव झाला. पहिला हात माझा वर गेला. गजराकाकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "डोंगर न्हाय, तर मी ह्येंला काय खाऊ घालू?" मी ठराव लिहीत होतो. माझं अक्षर फार वळणदार आहे, त्या दिवशी तर विशेष चांगलं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी जातीनं डोंगरावर जाऊन मेंढरांनी फोडलेली जागा दगड-मातीनं पक्की बुजवली. काम चोख केलं. आयुष्यात मी चोख केलेली कामं थोडीच आहेत, त्यातलं हे एक.

आठवड्यानं सकाळी जाग आली तर सात वाजले होते. घंटी वाजलीच नव्हती. मी आळस देत म्हणालो, "आज झोप झ्याक लागली."

अयोध्या चुलीपुढून म्हणाली, "लागंलच की. काकूंनी काल भूमच्या बाजारात सात जितराबं इकली. नवाब बी गेला. बाकीची पुढच्या बाजारी जायाची."

"नवाब कशाला इकला?"

"मेंढरंच ऱ्हायाची न्हाईत, तर म्होरक्या ठिवून काय करत्यात?"

मला वाईट वाटलं. पण मला वाईट वाटतं तेव्हा मी नियम आठवतो. नियम म्हणजे नियम, असं मनाशी म्हणून मी चहा मागितला. अयोध्यानं चहा दिला, पण साखर घालायला ती विसरली. ती सहसा विसरत नाही.

त्याच आठवड्यात धो धो पाऊस झाला. आमची कुरणी मात्र जेमतेम गुडघाभर. पोळ्याच्या आदल्या दिवशी सावरदऱ्याहून मेव्हण्याचा, दिग्विजयचा, फोन आला.

"दाजी, करीच्या दिवशी इकडं यायचं. गावानं तुमचा सत्कार ठेवलाय."

"माझा? कशाबद्दल?"

"पाण्याबद्दल! या तर खरं."

माझी कीर्ती खिंड ओलांडून गेली, हे ऐकून मला नवल वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच वाटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मी एकटाच निघालो. अयोध्याला चल म्हणालो तर म्हणाली, "तुमचा सत्कार मला बघवणार न्हाई." मी ते कौतुक समजलो.

सावरदऱ्यात वाजतगाजत स्वागत झालं. गुलाबी फेटा बांधला, शाल दिली. आणि मला तलावावर नेलं. ज्या तलावात लग्नापासून मी फक्त भेगा आणि क्रिकेटची स्टंपं पाहिली होती, तो काठोकाठ भरला होता. बायाबापड्या पाण्याची ओटी भरत होत्या. मी हात मागं बांधून, पाणी माझ्या ओळखीचं असल्यासारखा उभा राहिलो. आणि होतंही ते माझ्या ओळखीचंच.

दिग्विजयनं माइक घेतला. "आजवर लई जावई झाले या गावाला. कुणी घड्याळ मागितलं, कुणी गाडी मागितली. आमच्या दाजींनी मागितलं काहीच न्हाई, उलट दिलं! खिंडीपत्तोर पाट काढून आख्ख्या डोंगराचं पाणी आमच्या वढ्यात सोडलं. जुलैत थोडं थोडं येत व्हतं. पण मधी दाजींनी काय दुरुस्ती केली कुणास ठाऊक, मागल्या पावसात तर लोंढाच आला!"

टाळ्या पडल्या. मी हसत होतो. चेहरा तसाच राहिला आणि आतून मी सगळा हिशेब जुळवू लागलो. वाटेच्या वर सुरू झालेली आणि वाटेच्या खाली संपलेली रेघ. नळीतला तो निवांत बुडबुडा. खिंडीला टेकलेलं टोक. मी चर खणलाच नव्हता, कालवा खणला होता. आणि मेंढरांनी जिथं बांध फोडला, तेवढ्याच एका जागेतून आमचं पाणी आमच्या कुरणीत पडत होतं. ती जागा मी माझ्या हातानं बुजवली होती. चोख.

"दाजी, दोन शब्द!" दिग्विजय म्हणाला. मी माइकवर दोनच शब्द बोललो, "आभारी आहे." लोकांना माझी नम्रता फार आवडली.

मग पंगत बसली. श्रावण नुकताच सुटलेला, मटणाचा वास गल्लीभर. माणसाचं डोकं फिरलं तरी पोट आपल्या जागी असतं. आधी मी नको म्हणालो, मग आग्रह झाला, मग मी दोन वाट्या रस्सा आणि चार भाकरी खाल्ल्या. तिसरी वाटी वाढताना दिग्विजय म्हणाला, "कसं झालंय? जरा जून हाय, पण चवीला एक नंबर. भूमच्या बाजारात तुमच्याच गावच्या एका म्हातारीकडून घेतलं. तांबडं बोकड. द्यायला काचकूच करत व्हती. गळ्यात पितळी घंटी व्हती त्याच्या. ती वासराला बांधलीय बघा."

दाराशी वासरू उभं होतं. त्यानं मान हलवली आणि माझ्या खिडकीखालचा साडेपाचचा आवाज आला.

मी ताटावरून उठलो. हात धुतले, परत धुतले. दिग्विजयला म्हणालो, "मला ती घंटी देतोस का?" त्याला वाटलं, दाजींना सत्काराची आठवण हवी. त्यानं लगेच सोडून दिली.

एसटीची वाट न बघता मी खिंडीनं चालत निघालो. वर पोहोचलो तेव्हा ऊन होतं. चरातून अजून पाणी पाझरत होतं, बारीक, चमकतं, आणि मुकाट्यानं खिंड ओलांडून सासुरवाडीला चाललं होतं. मी चरात बसून पाहिलं. डोक्यावर गुलाबी फेटा, खिशात घंटी आणि पोटात नवाब. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की फेटा काढायचंही सुचलं नाही.

गप्प बसणं सोपं होतं. चर बघायला तिकडं कोण जातंय? चुपचाप दोन दगड इकडचे तिकडं करायचे, पाणी वळवायचं आणि त्याचंही श्रेय घ्यायचं. हे सगळं मी नीट विचार करून ठेवलं, तेही खरं सांगतो. पण बाजार तीन दिवसांवर होता. उरलेली अडतीस जितराबं गेली असती, तर काकूंच्या दारात काय राहिलं असतं? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी भाषणात अनेकदा वापरली आहे. त्यातला चोर मी असेन, असं कधी वाटलं नव्हतं.

सकाळी मी पारावर गेलो आणि श्रीमंत सरपंचांसमोर, दहा-पंधरा माणसांसमोर सगळं सांगितलं. बुडबुडा, चहा, ड्रोन, बुजवलेला बांध, सत्कार. मग एकानं विचारलं, "सासरवाडीनं काय दिलं?"

"फेटा," मी म्हणालो.

त्यावर जो हशा पिकला, तो अजून गावात अधूनमधून पिकतो. आता उंबरखोरीत कुणी वाट चुकला की "खिंडीनं गेला" म्हणतात. अयोध्या एवढंच म्हणाली, "माज्या म्हायेरावर तुमचं येवढं पिरेम हाय, हे बावीस वर्सांत पयल्यांदा कळलं." पण त्या दिवशी चहात साखर होती. श्रीमंत हसले नाहीत. त्यांनी ठरावाची वही मागवली, चराईबंदी माझ्याच हातानं खोडायला लावली आणि म्हणाले, "आता गजराकाकूंकडं तूच जायचं."

काकू दारात मेंढरांना पाणी पाजत होत्या. मेंढरं घोळक्यानं उभी होती, पुढं कोण जाणार ते ठरत नसल्यासारखी. मी उभ्यानंच सांगितलं, बंदी उठली, चूक माझी होती. काकू म्हणाल्या, "ठावं व्हतं मला."

"मग सभेत बोलला का न्हाईत?"

"डोंगरावर बोलले व्हते की. तू हासलास."

मी खिशातून घंटी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओळखली. पदरानं पुसली.

"कुठं मिळाली?"

मला खोटं बोलता आलं असतं, त्याचा मला सराव आहे. पण म्हणालो, "काकू, सावरदऱ्यात. माझ्या सत्काराचं जेवण व्हतं. मला ठावं नव्हतं... म्या खाल्लं."

काकू घंटीकडं बघत राहिल्या. एवढा वेळ की मला वाटलं, आता काठी बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"शिजलं व्हतं का नीट?" त्यांनी विचारलं. "अकरा वर्साचा व्हता. चिवट लागलं आसंल."

माझे डोळे भरून आले, आणि हे मी थट्टेनं सांगत नाही.

दोन दिवसांनी नवी रेघ आखायची होती. नळी कुणी आणलीच नाही. मेंढरांची जुनी वाट डोंगरावर होतीच, पण पावसाळी गवतात पुसट झालेली. तिच्यावरून कळप चालवायचा आणि मागून फक्की टाकत जायचं, असं ठरलं. पण मेंढरं पायथ्याला येऊन थांबली. काकूंनी हाकललं, शीळ घातली. एकही पुढं पाऊल टाकेना.

काकू माझ्याजवळ आल्या. घंटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "चाल म्होरं."

"मी?"

"तूच की. त्यो तुज्याच पोटात हाय."

पारावरचे सगळे तिथं होते, श्रीमंत सरपंच फक्कीची पाटी घेऊन उभे होते, अयोध्याही आली होती. कुणी हसलं नाही, किंवा मी मागं वळून पाहिलं नाही म्हणून मला दिसलं नसेल. मी घंटी वाजवत नवाबाच्या वाटेवर पाऊल टाकलं. मागं एक खूर वाजला, मग चार, मग सगळा कळप माझ्या मागं आला. मी थांबलो की मेंढरं थांबत, मी चाललो की चालत. उभ्या जन्मात माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता.

अर्ध्या वाटेवर दगड आडवा आला म्हणून मी जरा वरच्या अंगानं पाय टाकला. मागून काकूंचा आवाज आला.

"चढू नगंस, महारुद्रा. नवाब चढत नव्हता."

मी पाय मागं घेतला.